नवं ग्राफिक्स कार्ड आणि जादा रॅम टाकल्यापासून पीसी मधूनच मान टाकतोय. कार्ड परत करू का?

शंकेखोर (धागालेखक)

नमस्कार मंडळी,

डेस्कटॉपवर दोन कामं एका दमात उरकली. जुनं ग्राफिक्स कार्ड काढून ३०० वॅटचं नवं बसवलं आणि रॅमच्या दोन मोकळ्या स्लॉटमध्ये आणखी दोन स्टिक टाकल्या. तेव्हापासून मशीन भरवशाचं राहिलेलं नाही. गेम खेळताना मध्येच पडदा काळा होतो आणि थेट रिस्टार्ट. कधी नुसतं ब्राउझर उघडं असताना निळा पडदा येतो, त्यावरचा मजकूर दर वेळी वेगळा: मेमरी मॅनेजमेंट, आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल, एकदा पेज फॉल्ट का कायसं. आणि कधी कधी तासन्‌तास काहीच होत नाही, म्हणजे आपण खूश.

मशीन: रायझन ५ ५६००एक्स, बी५५० बोर्ड, आधीची रॅम ८+८ जीबी, नवी १६+१६ जीबी, चारही डीडीआर४ ३६००, एक्सएमपी (रॅमला पाकिटावरच्या वेगाला पळवणारी बायोसमधली सेटिंग) चालू. एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) ६५० वॅट, काही वर्षं जुना. विंडोज ११.

करून झालेलं: ड्रायव्हर नव्याने टाकला, सगळे अपडेट घेतले, तापमान पाहिलं (प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही ऐंशीच्या आत). इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) दर वेळी एकच लाल ओळ: कर्नल-पॉवर ४१. मित्र म्हणतो कार्डच सदोष आहे. कार्ड परत करायची मुदत संपत आलीय, म्हणून घाई. काय करू?

निशाचर

डीडीयू (डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर) वापरलंत का? सेफ मोडमध्ये जाऊन जुन्या कार्डाचा ड्रायव्हर मुळापासून काढायचा, मग नवा टाकायचा. नुसता वरून टाकून भागत नाही, विशेषतः कार्डाची कंपनी बदलली असेल तर.

दीडशहाणा

एवढ्या भानगडी कशाला? सी ड्राइव्ह फॉरमॅट मारा, विंडोज कोरं टाका. हार्डवेअर बदललं की माझा हाच नियम.

जुनेखोड

दीडशहाणे, थांबा जरा. रॅमवर संशय असताना विंडोज पुन्हा टाकणं हा सगळ्यात वाईट सल्ला आहे. इन्स्टॉल होताना प्रत्येक फाइल त्याच रॅममधून जाते. रॅम एखादा बिट उलटा करत असेल तर कोरं विंडोज जन्मतःच खराब होणार, आणि मग खरा दोष शोधणं दुप्पट अवघड.

शंकेखोर, कार्ड परत करण्याआधी एक गोष्ट नीट बघा: मशीन नेमकं मरतं कसं. ‘क्रॅश होतो’ या एका शब्दात चार वेगळ्या गोष्टी येतात.

निळा पडदा आला म्हणजे विंडोज जिवंत होतं, त्याला काहीतरी विपरीत दिसलं आणि त्याने स्वतः गाडी थांबवली. सगळं गोठलं, माउस हलेना, आवाजाचा एकच सूर लागून राहिला, तर बहुधा हार्डवेअर इतकं अडकलं की विंडोजला बोलायलाही वाव मिळाला नाही. पडदा काळा होऊन त्याच क्षणी रिस्टार्ट, निळं काहीच नाही, तर वीजपुरवठ्याकडे बघायचं. आणि मशीन पूर्ण बंद पडून बटण दाबलं तरी उठत नसेल, मागचा स्विच बंद-चालू केल्यावरच उठत असेल, तर एसएमपीएसने स्वतःचं संरक्षण लावून घेतलंय असं समजा.

कर्नल-पॉवर ४१ ची फार धास्ती घेऊ नका. ती ओळ म्हणजे ‘रात्री तुमच्याकडची लाइट गेली होती बरं का’ असं सकाळी सांगणारा शेजारी. गेली हे खरं, पण का गेली ते त्यालाही माहीत नसतं. पुढच्या बूटला विंडोजच्या लक्षात येतं की मागच्या वेळी आपण रीतसर बंद झालो नव्हतो, आणि ते ती नोंद करतं. बास.

पण त्या नोंदीच्या पोटात एक कामाची गोष्ट असते. ४१ वर क्लिक करा, ‘डिटेल्स’ टॅब उघडा, तिथे ‘बगचेककोड’ असं लिहिलेलं दिसेल. तो आकडा ० असेल तर विंडोजला कसलीही चाहूल न लागता मशीन गेलं. ० नसेल तर तो निळ्या पडद्याचा कोड, फक्त दशमान पद्धतीत. इंटरनेटवर शोधताना सोळामानात बदलून घ्या, नाहीतर भलत्याच पानावर पोचाल. २६ म्हणजे १ए, मेमरी मॅनेजमेंट. १० म्हणजे ए, तुमचं आयआरक्यूएल. ८० म्हणजे ५०, पेज फॉल्ट. २७८ म्हणजे ११६, तो ग्राफिक्सचा. २९२ म्हणजे १२४, तिथे प्रोसेसर किंवा बोर्डाने स्वतःच चूक झाल्याचं कळवलेलं असतं.

सगळ्या ४१ उघडा. प्रत्येकीचा कोड लिहा आणि शेजारी त्या वेळी मशीनवर काय चाललं होतं ते लिहा. मग बोलू.

टिंबटिंब

वाचनखूण साठवली. दशमानाचं माहीत नव्हतं. मी आजवर ‘बगचेक २६’ शोधत बसायचो.

शंकेखोर

काका, यादी केली आणि चक्रावलो. ० वाले सगळेच्या सगळे गेम चालू असतानाचे. २६, १० आणि ८० मात्र गेमबाहेरचे: ब्राउझर, मोठी झिप उघडताना, एकदा तर नुसता फोल्डर कॉपी होत होता. २७८ एकदाही नाही. २९२ सुद्धा नाही.

रच्याकने, ब्राउझरचे टॅबही मधूनमधून आपोआप कोसळतात. ते मी यात धरलंच नव्हतं.

जुनेखोड

मग तुमच्याकडे एक नाही, दोन दुखणी आहेत. दोन्ही एकाच दिवशी आली म्हणून एकच वाटताहेत. रॅमचं वेगळं आणि विजेचं वेगळं. कार्ड सदोष असल्याचा अजून काडीचाही पुरावा नाही.

रॅम आधी. ती सरळ झाल्याशिवाय बाकी कुठल्याच चाचणीवर विश्वास ठेवता येणार नाही.

आणि निळा पडदा वाचायला मिळावा म्हणून सिस्टिम प्रॉपर्टीजमध्ये ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’त जाऊन ‘ऑटोमॅटिकली रिस्टार्ट’ची खूण काढून टाका.

मुक्तछंदी

रॅमबद्दल मी लिहिते, माझा या विषयात बराच वेळ गेलाय.

दर वेळी वेगळा कोड येणं हेच रॅमचं लक्षण. एखादा ड्रायव्हर खराब असेल तर बहुतेक वेळा तोच तो कोड आणि तीच ती फाइल दिसते. रॅम चुकली तर चुकलेल्या बिटच्या जागी त्या क्षणी जे असेल ते मरतं: कधी कर्नल (विंडोजचा गाभा), कधी ब्राउझरचा टॅब, कधी झिपमधला फोटो.

आता तुमच्या चार स्टिक. पाकिटावर ३६०० लिहिलंय म्हणजे ‘या जोडीची ३६०० ला चाचणी झाली आहे’ एवढंच. दोन जोड्या एकत्र टाकल्यावर ते आश्वासन उरत नाही. डीडीआर४ चा प्रमाणित वेग ३२०० पर्यंतच. त्यापुढचं एक्सएमपी म्हणजे सरळसरळ ओव्हरक्लॉकिंग, व्होल्टेजही १.२ वरून साधारण १.३५ वर जातं. आणि रॅमचा कंट्रोलर बोर्डावर नसून प्रोसेसरच्या पोटात आहे. तुमच्या ५६००एक्सच्या पिढीसाठी एएमडीचा अधिकृत आकडा दोन स्टिकना ३२००. चार सिंगल रँक (चिपांचा एकच गट असलेल्या) स्टिक असतील तर २९३३, चार ड्युअल रँक (दोन गट असलेल्या) असतील तर २६६७. तुम्ही चार स्टिक, त्याही दोन वेगळ्या आकारांच्या, ३६०० ला पळवताय. चालल्या असत्या तर नशीब.

डीडीआर५ मध्ये ही दरी आणखी मोठी. रायझन ७००० ला दोन स्टिकचा अधिकृत वेग ५२००, चार लावल्या की ३६००.

असं करा. मेमटेस्ट८६+ (रॅम तपासणारं सॉफ्टवेअर) पेनड्राइव्हवर टाकून त्यावरून बूट करा. एक्सएमपी चालूच ठेवा, कारण जो वेग रोज वापरता तोच तपासायचा आहे. रात्रभर चालू द्या. एक जरी लाल ओळ आली तरी नापास, ‘एकच तर आहे’ हा हिशेब इथे चालत नाही. विंडोजमधली मेमरी डायग्नोस्टिक फार सोशिक आहे, तिने पास केलं म्हणून निश्चिंत होऊ नका.

चार स्टिक नापास झाल्या तर फक्त जुनी जोडी, मग फक्त नवी जोडी. दोनच लावताना प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा स्लॉट. बहुतेक बोर्डांवर तारांची मांडणी त्या दोन स्लॉटसाठी केलेली असते.

दीडशहाणा

माझ्याकडे चार वेगवेगळ्या स्टिक कित्येक वर्षं चालताहेत, काही झालं नाही. रॅम एकतर चालते, नाहीतर मशीन बूटच होत नाही. उगाच घाबरवू नका लोकांना.

मुक्तछंदी

दीडशहाणे, तुमच्या चार स्टिक कुठल्या वेगाला चालताहेत ते टास्क मॅनेजरमध्ये बघून सांगा. २१३३ किंवा २४०० दिसलं तर त्यात नवल काही नाही, त्या वेगाला जवळपास काहीही चालतं.

आणि ‘चालते किंवा बूट होत नाही’ हे मृत स्टिकबद्दल खरं आहे. इथे स्टिक मेलेली नाही. सिग्नल काठावर आहे. लाखो वेळा बरोबर वाचला जातो आणि मधेच एकदा चुकतो.

दीडशहाणा

२४०० दिसतंय. 🙂

निशाचर

अवांतर: हाच धागा कोणी इंटेलची १३वी किंवा १४वी पिढी घेऊन वाचत असेल तर रॅमच्या मागे लागण्याआधी बायोस अपडेट करा. त्या डेस्कटॉप प्रोसेसरांतल्या वरच्या मॉडेलांमध्ये व्होल्टेज गरजेपेक्षा वर जाऊन चिप हळूहळू झिजण्याची अडचण २०२४ मध्ये इंटेलने मान्य केली, मायक्रोकोडच्या (बायोसमधून चिपला मिळणाऱ्या सूचनांच्या) दुरुस्त्या काढल्या आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तिथे गेम उघडताना ‘व्हिडिओ मेमरी कमी पडतेय’ असा संदेश यायचा आणि लोक बिचाऱ्या ग्राफिक्स कार्डाला शिव्या घालायचे. झिजलेली चिप मात्र अपडेटने बरी होत नाही, ती बदलूनच घ्यावी लागते.

शंकेखोर

निकाल आला. चारही स्टिक ३६०० ला: चाचणीची पहिली फेरी पुरी व्हायच्या आतच लाल ओळींची रांग. फक्त जुनी जोडी: स्वच्छ. फक्त नवी जोडी: तीही स्वच्छ! म्हणजे स्टिक सगळ्या धडधाकट, एकत्र आल्या की भांडतात. मुक्तछंदी ताईंच्या सांगण्यावरून चारही लावून २९३३ केलं. रात्रभर चाललं, एकही चूक नाही.

आता ३२०० करून बघू का? आणि दुकानदाराकडे रॅम बदलून मागण्यात अर्थ आहे का?

मुक्तछंदी

बदलून मागायला कारण नाही, दोन्ही जोड्या आपापल्या शब्दाला जागल्यात. ३२०० हौस म्हणून करून बघा, पण पुन्हा अख्खी रात्र चाचणी. पास झालं तर उत्तम, एखादी लाल ओळ आली तर मुकाट २९३३. व्होल्टेज चढवत बसू नका, एवढ्याशा फरकासाठी ते परवडत नाही.

त्याहून महत्त्वाचं काम पुढे आहे, आणि ते लोक हमखास विसरतात. जेवढे दिवस रॅम चुकत होती, तेवढ्या दिवसांत जे जे डिस्कवर लिहिलं गेलं ते सगळं संशयित आहे. आधी विंडोजच्या फाइली: अ‍ॅडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून डिस्‌मची ‘रिस्टोअर हेल्थ’ चालवा, मग एसएफसीचं ‘स्कॅन नाउ’ (दोन्ही विंडोजचीच फाइल-दुरुस्तीची साधनं). क्रम हाच ठेवा, कारण एसएफसी दुरुस्तीसाठी ज्या साठ्यातून फाइली घेतं तो साठा डिस्‌म आधी तपासतं.

मग तुमच्या स्वतःच्या फाइली. तुम्ही फोल्डर कॉपी करताना मशीन पडलं असं लिहिलंत. तो फोल्डर मूळ जागेवरून पुन्हा कॉपी करा. त्या काळात बॅकअप घेतला असेल तर त्यावर विसंबू नका आणि त्याच्या नादात त्याआधीचा बॅकअप पुसू तर मुळीच नका. मूळ आणि नक्कल दोन्ही हातात असतील तर शा-२५६ हॅश (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठसा) काढून ताडून पाहा, पॉवरशेलमध्ये एका ओळीचं काम आहे. फोटो उघडला, दिसला, म्हणजे तो शाबूत असं नाही. वरचा अर्धा ठीक आणि खालचा अर्धा करडा पट्टा, असले नमुने मी पाहिलेत. झिपचं एक बरं, तिच्यात सीआरसी (चूक पकडणारा पडताळणीचा आकडा) असतो, त्यामुळे ‘टेस्ट’ दाबलं की तीच बोंब मारते.

शंकेखोर

एसएफसीला काही फाइली खराब सापडल्या, दुरुस्त झाल्या म्हणतंय. फोल्डर पुन्हा कॉपी केला. निळे पडदे थांबले, टॅब कोसळणंही थांबलं.

पण गेममधला काळा पडदा आणि रिस्टार्ट जसाच्या तसा. काका, दोन दुखणी म्हणालात ते तंतोतंत.

स्क्रूड्रायव्हर

आता माझा विषय आला. कॅबिनेट उघडा आणि ग्राफिक्स कार्डाच्या पॉवर केबलचा फोटो टाका.

शंकेखोर

टाकलाय. दोन आठ-पिनी सॉकेट आहेत, दोन्ही भरलेत, घट्ट बसलेत.

स्क्रूड्रायव्हर

फोटोत नीट पाहिलं. एसएमपीएसमधून एकच केबल निघालीय, पहिला कनेक्टर कार्डात गेलाय आणि त्याच्याच शेपटीला लोंबणारा दुसरा कनेक्टर दुसऱ्या सॉकेटात. भरलेत दोन, पण येणारी वाट एकच. एका आठ-पिनी कनेक्टरचा मान्य भार १५० वॅट, स्लॉटमधून ७५. तुमच्या कार्डाची भूक ३००. एसएमपीएसमधून दुसरी स्वतंत्र केबल काढा आणि एका सॉकेटला एक केबल असं करा. मॉड्युलर (केबली सुट्या होणारा) असेल तर त्याच एसएमपीएसबरोबर आलेली केबलच वापरा. दुसऱ्या मॉडेलची केबल एसएमपीएसच्या बाजूला खटकन बसते, पण आतल्या पिनांचा क्रम वेगळा असू शकतो, आणि मग कार्ड, डिस्क काहीही जळतं. हे गंमत म्हणून सांगत नाहीये.

दुसरं. तुम्ही म्हणाल ३०० कार्डाचे, प्रोसेसरचे ७६, बाकी पंखे-डिस्क-बोर्ड धरून साडेचारशेच्या आत, आणि एसएमपीएस ६५० चा, मग अडचण काय? अडचण सरासरीत नाही. आधुनिक कार्ड मायक्रोसेकंदांच्या अवधीत सरासरीच्या दुप्पट आणि त्याहूनही जास्त झटका मारतात. फ्रेमचा भार अचानक चढला की झटका. म्हणून तर २०२२ मध्ये एटीएक्स ३.० हे एसएमपीएसचं नवं मानक आलं तेव्हा त्यात अट घातली गेली की नव्या सोळा-पिनी कनेक्टरवाल्या एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंद स्वतःच्या क्षमतेच्या २०० टक्के झटका सोसला पाहिजे. तुमचा डबा त्याआधीच्या बांधणीचा. झटक्याला व्होल्टेज क्षणभर खचलं की एसएमपीएस बोर्डाला दिलेला ‘पॉवर गुड’ संकेत मागे घेतो, बोर्ड तत्क्षणी रिसेट. विंडोजला कळतच नाही. म्हणून तुमचा बगचेक ०.

तपासायला नवीन काही विकत घ्यायला नको. कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट (कार्डाने किती वीज खायची त्याची मर्यादा) शक्य तेवढं खाली ओढा, फ्रेमरेटला ६० चा लगाम घाला आणि तोच गेम खेळा. रिस्टार्ट थांबले तर दोष विजेच्या वाटेवर आहे. मल्टिमीटर लावून १२ व्होल्ट मोजू नका, तो सरासरी दाखवतो. १२.०५ दिसेल आणि उगाच समाधान होईल.

जुनेखोड

सहमत. आणि एका वेळी एकच बदल, शंकेखोर. केबल आणि पॉवर लिमिट दोन्ही एकदम करू नका, नाहीतर कशाने थांबलं ते कळणार नाही.

शंकेखोर

क्रमाने केलं. आधी फक्त पॉवर लिमिट आणि ६० फ्रेम: एकही रिस्टार्ट नाही. मग ते पूर्ववत करून फक्त केबल दोन केल्या: रिस्टार्ट विरळ झाले, पण गेले नाहीत. मोठा स्फोट किंवा नवा नकाशा उघडला की अजूनही जातो.

मग त्याच मित्राच्या मशीनमध्ये कार्ड लावलं. त्याच्याकडे एटीएक्स ३.० चा ८५० वॅट आहे. त्याच गेममध्ये, पूर्ण ताकदीने, संध्याकाळपासून रात्री उशिरापर्यंत चाललं. ‘कार्ड सदोष’ म्हणणारा तोच मित्र, आता म्हणतो मला आधीच शंका होती.

स्क्रूड्रायव्हर

😄 मग झालं तर. कार्ड ठेवा, एसएमपीएस बदला. तोवर पॉवर लिमिट खाली ठेवून खेळत राहा, त्याने काही बिघडत नाही. फ्रेमही फार घटत नाहीत, शेवटच्या थोड्या टक्क्यांसाठीच कार्ड सगळ्यात जास्त वीज खातं.

शंकेखोर

नवा ८५० वॅट बसवला, केबली त्याच्याच, दोन स्वतंत्र. पॉवर लिमिट पूर्ण. रॅम ३२०० ला रात्रभर पास झाली, तिथेच ठेवलीय. काळा पडदा नाही, निळाही नाही. काका, ताई, स्क्रूड्रायव्हर, मनापासून आभार.

अवकाळी

याच धाग्यात विचारतो, रागावू नका. माझं उलटं आहे. फक्त प्रोसेसर बदलला, रायझन ५६०० वरून ५९००एक्स. गेममध्ये, रेंडरिंगमध्ये तासन्‌तास एकदम ठणठणीत. मशीन मोकळं सोडून उठलो की परत येईपर्यंत रिस्टार्ट झालेलं असतं. बगचेक ०. एसएमपीएस नवाच आहे.

जुनेखोड

भाराखाली ठणठणीत आणि मोकळं असताना पडणं हा वेगळाच प्रकार. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१ च्या आगेमागे ‘व्हिया-लॉगर १८’ (हार्डवेअरने कळवलेल्या चुकीची नोंद) आहे का बघा. असेल तर त्यात प्रोसेसरचा एपिक आयडी (चूक कुठल्या कोरकडून आली ते सांगणारा क्रमांक) असतो. तो दर वेळी तोच येतो की बदलतो?

अवकाळी

१८ आहे. ‘कॅश हायरार्की एरर’. आयडी दर वेळी तोच.

मुक्तछंदी

जुन्या प्रोसेसरवर कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये (कोरचं व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या बायोसमधल्या सेटिंगमध्ये) उणे आकडे टाकले होते का? काही बोर्डांवर प्रोसेसर बदलला तरी ते तसेच राहतात. मोकळ्या मशीनमध्ये एखादाच कोर क्षणभर सगळ्यात वरच्या वेगाला उडी मारतो, आणि नेमकं तिथेच कमी केलेलं व्होल्टेज अपुरं पडतं. सगळे कोर राबत असतात तेव्हा वेग खालीच असतो, म्हणून रेंडरिंग सुखरूप.

अवकाळी

हो ताई, उणे ३० होतं, सगळ्या कोरना. बायोसमध्ये अजून तेच दिसतंय.

जुनेखोड

सीमॉस (बायोसच्या सेटिंग जिथे साठतात ती मेमरी) साफ करा, बायोस नवीन घाला, सगळं मूळ सेटिंगवर ठेवून मशीन रात्रभर मोकळं सोडा. त्यावरही तोच आयडी घेऊन १८ आली तर बायोसमध्ये ‘पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल’ ‘टिपिकल’ करून आणखी एक रात्र. तरीही आली तर तो कोरच कच्चा आहे. नोंदींचे स्क्रीनशॉट काढा आणि प्रोसेसर वॉरंटीत द्या. आणि पुढचं वेगळ्या धाग्यात लिहा, इथे शंकेखोरांना दर प्रतिसादाची सूचना जात असेल.